कव्हरवरच्या मॅडम

मी फॅशनच्या मासिकात काम करते, हे माझ्या बाबांनी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही. ते बँकेत होते. बँकेतल्या माणसाच्या मुलीने बँकेत जावं, नाहीतर निदान बँकेतल्या मुलाच्या घरी जावं, एवढीच त्यांची साधी अपेक्षा होती. कुणी विचारलंच, "मुलगी दिल्लीत काय करते?" तर ते सांगत, "पुस्तकांच्या ऑफिसात आहे." आईला तेवढाही संकोच नव्हता. ती सरळ सांगायची, "कपड्यांचं काहीतरी लिहिते." त्यामुळे उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळींत मी शिवणकामाची पुस्तकं काढते असा समज पसरला होता. सुटीत घरी आले की शेजारच्या काकू ब्लाउजपीस घेऊन हजर. "जरा गळा सुचव गं, तू तर दिल्लीवाली."

दिल्लीत मी चित्रकला आणि फॅशन अशा दोन्ही विषयांना वाहिलेल्या एका गुळगुळीत मासिकात होते. वाहिलेलं म्हणजे असं, की अर्धी पानं कुणाला न कळणाऱ्या चित्रांची आणि अर्धी पानं कुणी न घालणाऱ्या कपड्यांची. दोन्हींचं वर्णन मी एकाच शब्दात करायचे. चित्र धाडसी, बाहीसुद्धा धाडसी. या एका विशेषणावर मी उपसंपादक म्हणून लागले आणि चढत चढत संपादकीणबाईंच्या केबिनबाहेरच्या टेबलापर्यंत पोचले. दार उघडून आत जाण्याएवढंच अंतर उरलं होतं, तेवढ्यात मासिक बंद पडलं. मालकांनी आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर घेतलं, आपण एक कुटुंब आहोत असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि कुटुंबाला घराबाहेर काढलं.

लग्न केलेलं नव्हतं, दिल्लीचं भाडं झेपत नव्हतं, म्हणून मी उज्जैनला परत आले. आईला आनंद झाला. बाबा म्हणाले, "चल, झाली तेवढी मौज पुष्कळ झाली. आता एखाद्या स्कूलमध्ये ड्रॉइंग शिकव."

मी अर्जही केला असता. पण फ्रीगंजमध्ये साड्यांचं मोठं शोरूम असलेल्या एका शेठजींच्या कानावर गेलं की दिल्लीची मॅगझीनवाली गावात आली आहे. त्यांनी बोलावून घेतलं, लस्सी पाजली आणि म्हणाले, "मॅडम, हमको भी एक मॅगझीन निकालनी है. एकदम दिल्ली जैसी. आर्ट और फैशन."

"फैशन तो समझी," मी म्हटलं, "आर्ट क्यों?"

"आर्ट से इज्जत आती है, फैशन से ग्राहक."

दिल्लीत इतकी वर्षं काढली, पण संपादकीय धोरण इतक्या कमी शब्दांत मला कुणी समजावलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. अशा रीतीने केबिनबाहेरच्या टेबलावरून मी थेट संपादकाच्या खुर्चीत बसले. केबिन मात्र नव्हती. खुर्ची शोरूमच्या वरच्या मजल्यावर होती, फॉल-पिको करणाऱ्या बायकांच्या शेजारी. त्यांची मशिनं थांबली तरच मला फोनवर बोलता यायचं. त्या फार समजूतदार होत्या. मी फोन उचलला की सगळ्या एकदम मशिनं थांबवायच्या आणि माझं बोलणं मन लावून ऐकायच्या.

फॅशनची पानं भरायला त्रास नव्हता. शोरूममध्ये जो माल अडकला असेल तो त्या महिन्याचा ट्रेंड. एकदा शेवाळी रंगाच्या साड्यांचा ढीग पडून राहिला, तेव्हा मी शेवाळी रंगावर असा लेख लिहिला की माझाही त्यावर विश्वास बसला. कधीतरी मनासारखं करावं म्हणून जवळच्याच भैरवगढच्या, ठशांनी छापलेल्या कापडावर पानं काढायची म्हटलं, तर शेठजी दचकले. "वो तो चादर है मॅडम. लडकी को चादर पहनाओगे?" मी हट्टाने पानं केली. अंक आल्यावर गिऱ्हाईकं तेच कापड मागायला लागली. शेठजींनी ते ठसे कुठूनतरी पॉलिएस्टरवर छापून आणले आणि काचेच्या कपाटात पाटी लावली, 'एडिटर्स चॉइस'. माझ्या कारकिर्दीतला एवढा मोठा गौरव दिल्लीतसुद्धा झाला नव्हता.

आणि मग आर्टचा प्रश्न आला, म्हणजे मॅडम आल्या.

मॅडम एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. पन्नाशीतल्या, राखाडी शिफॉनची साडी, आवाज हळू. त्या चित्रं काढत असत, आणि साहेब गावात रुजू झाल्यापासून ती चित्रं फार उत्कृष्ट आहेत याबद्दल शहरात दोन मतं नव्हती. शेठजींना साहेबांच्या सहीची काहीतरी गरज होती. त्यांनी मला सांगितलं, "अगले अंक में कवर पर मॅडम. अंदर दस पन्ने. दिल खोल के लिखना."

मी बंगल्यावर गेले तेव्हा दिवाणखाना भरलेला होता. भिंतीवर सगळीकडे राम घाट. सकाळचा, संध्याकाळचा, पण मुख्यतः संध्याकाळचा. शिप्रेचं पाणी जांभळं, आकाश त्याहून जांभळं आणि मध्ये पांढरे पक्षी. एक निवृत्त प्राध्यापक सोफ्याच्या टोकावर बसून हात हलवत होते. "मॅडम, इसमें तो साक्षात शिप्रा बह रही है!" बाकीच्या बायका वाहणाऱ्या शिप्रेकडे बघत काजूकतली खात होत्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आपको कैसी लगीं?"

मी व्यवसायाला जागले. "धाडसी आहेत," असं माझ्या तोंडून घाईत मराठीतच निघून गेलं.

"अय्या, तुम्ही मराठी?" त्या खुलल्या. "मी नाशिकची. बरं झालं. आता खरं सांगा, कशी वाटली?"

"मराठीतसुद्धा धाडसीच म्हणतात."

त्या खळखळून हसल्या. का हसल्या ते कुणाला कळलं नाही, पण मॅडम हसल्या म्हणून सगळा दिवाणखाना हसला. प्राध्यापक सर्वांत मोठ्याने.

दुसऱ्यांदा गेले ती मुलाखतीसाठी, फोटोग्राफरला घेऊन. घरात गर्दी नव्हती. फोटोग्राफरला दिवे लावायला मागच्या व्हरांड्यात जागा हवी होती, म्हणून तिथे रचलेली रिकामी खोकी आम्ही सरकवली. सरकवताना एका खोक्याचं फाटलेलं झाकण खाली पडलं. त्यावर काळ्या मार्करने काढलेली एक खोली होती. रिकामी. भिंतीवर फोटो काढून घेतल्यावर उरतात तसे चौकोन, छताला पंख्याचा हूक आणि कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. मी दुसरं झाकण उचललं. त्यावर स्वयंपाकघराचा ओटा होता आणि खाली सिलेंडरने वर्षानुवर्षं उभं राहून पाडलेलं गंजाचं वर्तुळ. एका झाकणावर 'काचेचं, जपून' असं आधीच लिहिलेलं होतं, आणि त्या अक्षरांना वळसा घालून जिना वर गेला होता. एकातही माणूस नव्हतं, पण प्रत्येक खोलीतून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटत होतं.

माझ्याजवळ विशेषण नव्हतं. तसं कधी होत नाही.

"ही कुणाची?"

"ते काही नाही हो." मॅडमनी माझ्या हातातून झाकण घेतलं आणि पदराने पुसलं. "बदली झाली की शेवटच्या दिवशी काही काम नसतं. ट्रक येईपर्यंत बसायचं. रंग, कागद सगळं पॅक झालेलं. हाताशी काय, तर खोक्यावर नाव टाकायचा मार्कर. मग बसल्या बसल्या जे दिसतं ते काढते. आणि पुढच्या गावी जाऊन सामान काढलं की ही तेवढी ठेवून देते. का ठेवते कोण जाणे. साहेब ओरडतात, रद्दी साठवते म्हणून."

"मला ही छापायची आहेत."

"वेड लागलंय का तुम्हाला? घाट छापा. साहेबांना घाट आवडतो."

मी घाट छापायची तयारी केली. दहा पानं दिल खोलून लिहिली. जांभळ्या रंगाचं समर्थन करताना माझी स्वतःची किती अधोगती झाली आहे याचा अंदाज आला, पण शेवाळीपेक्षा जांभळा सोपा गेला. अंकाच्या आधी घाटाच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं. हॉल घेतला, पत्रिका छापल्या, दीपप्रज्वलन शेठजींच्या हस्ते ठेवलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साहेबांची बदली झाली. बदली म्हणजे कुठल्यातरी कोपऱ्यातल्या खात्यात, जिथे सहीला किंमत नसते. कुणाशीतरी बिनसलं होतं म्हणे. साहेब तडकाफडकी रुजू व्हायला निघून गेले. मॅडम प्रदर्शन आणि सामान आवरायला मागे राहिल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उज्जैनची तब्येत अचानक बिघडली. शेठजींचा गुडघा धरला. प्राध्यापकांना चक्कर यायला लागली. काजूकतलीवाल्या बायकांपैकी एकीचा उपास होता, एकीचे पाहुणे आले आणि बाकीच्यांना निरोप पाठवायलाही वेळ झाला नाही. हॉलमध्ये मी होते, मॅडम होत्या, समोश्यांचे ट्रे होते आणि खुर्च्या होत्या. तेवढ्यात माझे बाबा आले. मी घरी नुसतं म्हटलं होतं की आज प्रदर्शन आहे. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, चष्मा पुसला आणि प्रत्येक चित्रासमोर उभे राहिले, बँकेत सही पडताळावी तसे.

"ही बदकं आहेत की हंस?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"बगळे आहेत."

"असं होय." बाबांनी आणखी जवळून पाहिलं. "रंग मात्र भरपूर लावलाय. कंजुसी नाही केलेली."

त्या दिवसातलं तेवढं एकच कौतुक. मॅडमनी त्यांना स्वतः समोसा वाढून दिला. दिवा शेवटी बाबांनीच लावला, कारण तेल घालून ठेवलं होतं ते वाया कशाला घालवायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा बरा झालेले शेठजी वर आले. "मॅडम, कवर बदलना पडेगा. नए साहब की मॅडम बोन्साय करती हैं."

"बोन्साय?"

"वो भी तो आर्ट है. छोटा आर्ट है."

आणि मी भांडले. कारकिर्दीत पहिल्यांदा एखाद्या कव्हरसाठी भांडले, आणि तेसुद्धा जे कव्हर छापावं लागतंय म्हणून महिनाभर चिडचिड केली होती त्याच्यासाठी. मी म्हटलं, शब्द दिला आहे, मासिकाची इज्जत जाईल. पलीकडची पिकोची मशिनं केव्हाच थांबली होती. शेठजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप ही तो बोलती थीं, पेंटिंग में दम नहीं है."

बोलले होते. मी जुन्या कव्हरचा कागद बाजूला काढून ठेवला आणि मशिनं पुन्हा सुरू झाली.

मी बंगल्यावर सांगायला गेले. दिवाणखाना रिकामा, गालिचे गुंडाळलेले, घाट कापडात बांधून भिंतीला टेकवून ठेवलेले. मॅडम एका खोक्यावर बसल्या होत्या, मांडीवर पुठ्ठा आणि हातात मार्कर. मी दारातच म्हणाले, "कव्हर रद्द झालं."

"माहिती आहे. नव्या मॅडमचा फोन आला होता. ड्रॉइंगरूममध्ये बोन्सायला पुरेसं ऊन येतं का, विचारत होत्या." मार्कर थांबला नाही. "मी म्हटलं, येतं. खिडकीचा पडदा मी नेतेच आहे."

मी दुसऱ्या खोक्यावर बसले. पुठ्ठ्यावर एक रेघ ओढून त्या म्हणाल्या, "लोक काय, लोक असेच. त्याचं नाही वाटत. पण मला वाटायचं, एखादा तरी घाट चांगला जमला असेल."

"नाही जमला," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. राग आला होता, चांगलाच आला होता. नाकपुड्या फुलल्या होत्या. मग मांडीवरचा पुठ्ठा माझ्याकडे वळवला. त्यावर समोरची भिंत होती, ओलीने पोपडे धरलेली, आणि खिडकीत पडद्याची उघडी दांडी. "आणि हे?"

"हे जमलंय."

"सगळी?"

"सगळी नाही. पण बरीच."

त्या उठल्या, व्हरांड्यात गेल्या आणि सुतळीने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यासमोर आणून टाकला. "घेऊन जा मग. इथून पुढे ट्रकमध्ये जागा नाहीये." आवाजात गोडवा अजिबात नव्हता. मी रिक्षात तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याला वाटलं मी रद्दीचा धंदा करते. त्याने मला ओळखीचं दुकान सुचवलं, भाव चांगला देतो म्हणाला.

शेठजींची एक गोष्ट मला माहीत होती. ते अंकातल्या फक्त जाहिराती वाचत. म्हणून कव्हरवर नव्या मॅडम आणि त्यांचा वीतभर वड छापला, आणि मधल्या पानांवर, एका सराफाची जाहिरात आणि एका बँडवाल्याची जाहिरात यांच्यामध्ये, पुठ्ठ्यावरच्या खोल्या छापल्या. लेख लिहिला नाही. नुसतं खाली लिहिलं, 'बदलीच्या दिवशी'.

काही दिवस काहीच झालं नाही. मग फोन यायला लागले. रेल्वे कॉलनीतल्या एक बाई म्हणाल्या, त्यांच्या फ्रिजखालची फरशी अगदी तशीच दिसायची. एक शिक्षक म्हणाले, त्यांच्या क्वार्टरच्या दाराला मुलांची उंची मोजलेल्या रेघा होत्या, त्या दारासकट सोडून याव्या लागल्या. नोकरीपायी गावोगाव फिरलेली माणसं आपापल्या सोडलेल्या खोल्यांबद्दल बोलत होती, आणि पलीकडे पिको बंद करून बायका ऐकत होत्या. घरी बाबांनी ती पानं बघितली आणि जेवण झाल्यावर माझ्या जन्माच्या आधीच्या एका भाड्याच्या खोलीबद्दल बोलायला लागले. आईने दोनदा सांगितलं की तिथे मोरी डावीकडे होती. ते म्हणाले, उजवीकडे. त्यावरून अबोला झाला. पण त्यानंतर बाबा लोकांना सांगायला लागले, "मुलगी संपादक आहे." कशाची ते अजूनही सांगत नसत.

शेठजींना शेवटी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. ते जिना चढून वर आले. "ये खोके-वोके किसने छापे?"

"मैंने. आर्ट है."

"इज्जत आ रही है?"

"आ रही है."

"तो ठीक है." आणि ते खाली उतरून गेले.

साहेबांचाही फोन आला. मी घाबरतच घेतला. साहेब अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "चित्रं बरी आहेत. पण छत इतकं गळत नव्हतं हो. लोक मला विचारतायत."

पुढे भोपाळच्या एका गॅलरीने ते पुठ्ठे मागवले आणि काचेत लावले. मॅडम उद्घाटनाला बदलीच्या कोपऱ्यातल्या गावाहून बसने आल्या. तिथे एका समीक्षकाने त्यांना त्यांच्या चित्रांतला विस्थापनाचा विचार समजावून सांगितला. त्यांनी तो मान हलवत ऐकून घेतला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "यांचं सामान कधी हललेलं दिसत नाही."

नंतर सरकारात काहीतरी फिरलं आणि साहेब उज्जैनला परत आले, आधीपेक्षा मोठ्या खुर्चीवर. शहराची तब्येत झपाट्याने सुधारली. दिवाणखाना भरला. घाट कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते. आता सगळ्यांना पुठ्ठे आवडत होते. प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, इस डिब्बे में तो साक्षात जीवन है!" शेठजींनी एका समारंभात माझ्यादेखत जाहीर केलं की या कलेचा शोध त्यांनी लावला. आणि संध्याकाळी वर येऊन म्हणाले, "कवर पर मॅडम. इस बार पक्का."

मला भयंकर राग आला. मी मॅडमकडे गेले ती पूर्ण भाषण तयार करून. ज्यांनी तुम्हाला रिकाम्या हॉलमध्ये उभं केलं त्यांच्या कव्हरवर तुम्ही यायचं नाही, कलावंताचा स्वाभिमान म्हणून काही असतो, वगैरे. मी सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही.

"झालं?" त्या म्हणाल्या. "अहो, पण का नको? मला आवडतं कव्हरवर यायला. मागच्या वेळी मी त्यासाठी केस रंगवले होते."

"पण शेठजी..."

"शेठजी साडी देणारेत ना? मला ती शेवाळी हवी आहे. तुम्ही मागे फार छान लिहिलं होतं तिच्याबद्दल."

फोटो राम घाटावर काढायचे ठरले. मॅडमची इच्छा. सकाळी पूजेची गर्दी होती. एक गुरुजी आपल्या यजमानांना घेऊन मधोमध बसले होते, ते हलेनात. मॅडमनीच त्यांना जाऊन सांगितलं, "आपण पूजा करा, आम्ही बाजूला उभं राहतो," आणि त्या पायरीवर अशा काही उभ्या राहिल्या, हनुवटी वर, पदर वाऱ्यावर, की फोटोग्राफरला काही सांगावं लागलं नाही. गुरुजींचे यजमान संकल्प सोडून बघत राहिले. मला दिल्लीत पगारी मॉडेलांकडून असं उभं राहणं मिळालं नव्हतं.

अंक छापून आल्यावर मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला आणि कव्हर बराच वेळ बघितलं.

"चेहरा जरा उजळ केलाय का?"

"शेठजींनी परस्पर करायला लावलं," मी ओशाळून म्हटलं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. टीपॉयवरची सरकारी मासिकं बाजूला करून त्यांनी तो अंक येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा ठेवला आणि मला विचारलं की चहा घेणार की कॉफी.